डबल क्लचचा बब्रुवान

हायवेवरून एखादा ट्रक गिअर खरडत गेला, की येरमाळ्याच्या चौकात चहा पीत बसलेला बब्रुवान डायवर बशी खाली ठेवतो आणि थुंकतो. तोंडात तंबाखू नसली तरी थुंकतो. मग शेजारी कोण बसलंय ते न बघता म्हणतो, "ह्या बेन्याला सायकल दिली तरी चेन पाडंल." शेजारचा मान हलवतो. बब्रुवान एसटीतून निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षं त्या बाकड्यावर हेच चाललंय, आणि मान हलवणारे मात्र दरवर्षी कमी होत चाललेत.

खरं तर गिअर खरडत जाणाऱ्या गाड्याही कमी होत चालल्यात. बब्रुवानचं खरं दुखणं तेच आहे.

तो चौऱ्याऐंशी साली कळंब डेपोत लागला. त्या काळच्या गाड्यांचा गिअरबॉक्स म्हणजे खाष्ट सासू. क्लच दाबायचा, गिअर काढून न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर घ्यायचा असेल तर मधेच अंदाजानं अॅक्सिलेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा पुढं ढकलायचा. ह्याला डबल क्लच म्हणतात. अंदाज एवढासा चुकला, की आतले दाते असे किंचाळायचे की मागच्या सीटवर झोपलेली म्हातारी "अगं माझे येडाई" करत दचकून उठायची. बब्रुवानच्या गाडीत चौतीस वर्षांत एकही म्हातारी उठली नाही, असं तो सांगतो. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण खोटं बोलून खूश करावं इतकं तो कुणालाच मोजत नाही.

मग नव्या गाड्या आल्या. एकदा क्लच दाबा, दांडा ढकला, झालं. चुकायला जागाच नाही. बब्रुवानला हा आपला अपमान वाटला. जे कुणालाही येतं ते यायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर एका नव्या ड्रायव्हरनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "काका, क्लच दोन-दोनदा दाबला तर प्लेट लवकर जात न्हाय का?" बब्रुवान पेढा तसाच बशीत ठेवून उठला आणि चालत स्टँडबाहेर गेला. त्यानंतर त्यानं डेपोचं तोंड पाहिलं नाही, आणि डेपोनंही त्याची आठवण काढली असेल असं वाटत नाही.

घरी नागूबाई होती. "माझ्या दावणीला चार म्हशी आन एक डायवर," असं ती शेजारणींना सांगायची. "म्हशी तरी दूध देत्यात." नवऱ्याच्या तोऱ्याला तिनं लग्नानंतर वर्षभरातच हात जोडले होते.

तर अशा ह्या माणसाच्या नशिबात पॅकार्ड नावाची जुनी अमेरिकन गाडी आली.

गाडी कृष्णराज बापूंची. बापू म्हणजे येरमाळ्याच्या पंचक्रोशीतलं प्रस्थ. बागायत, पेट्रोल पंप, येडशीला स्वतःचं मंगल कार्यालय, आणि गळ्यात एवढी सोन्याची साखळी की मान आपोआप ताठ राहावी. हैदराबादच्या कुठल्याशा भंगारवाल्याकडं त्यांना एका जुन्या मोटारीचा सांगाडा दिसला. त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. बापूंनी कोंबड्या सोडून बाकीचं सगळं उचललं आणि पुण्याच्या एका कारागिराकडं टाकलं. तीन वर्षांनी जे परत आलं ते बघायला अख्खं गाव लोटलं. बैलजोडीसकट बैलगाडीपेक्षा लांब, मरून रंग, काठाला मलईचा पट्टा, परातीएवढे दिवे, तारांची चाकं, उघडा टप, आणि आत लाल कातड्याच्या गाद्या. एकोणीसशे एकतीस सालची. त्या वर्षी अमेरिकेत चांगले शिकले-सवरलेले लोक पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभे होते म्हणतात. त्याच वर्षी ही गाडी बनवणारे होते, आणि मिरवायला विकत घेणारेही होते. बापूंसारखी माणसं कुठल्या देशात आणि कुठल्या काळात कमी पडली आहेत?

बापूंनी लगेच इतिहासही तयार केला. म्हणे, ही गाडी निजामाच्या सुभेदारानं खूश होऊन त्यांच्या पणजोबांना दिली होती. पणजोबांनी जन्मात बैलगाडीपलीकडं कशाला पाय लावला नव्हता, हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पण बापूंच्या बंगल्यावर जेवण चांगलं असतं. म्हातारे जेवले, ढेकर दिली आणि म्हणाले, "असंल बाबा, असंल."

बब्रुवान जेवायलाही गेला नाही. "बडा घर पोकळ वासा," एवढं बोलून तो चौकात बसून राहिला. गाडी बघायची त्याला इच्छा नव्हती असं नाही. पण त्या गर्दीत टाचा उंचावून बघणं त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं.

चौथ्या दिवशी बापू स्वतः त्याच्या दारात आले. नागूबाईनं घाईघाईनं खुर्ची पुसली. बापू बसले आणि म्हणाले, "काका, गाडी तर आली, पण चालवायला माणूस न्हाय. जुना गेरबॉक्स हाय, डबल क्लच लागतो. अख्ख्या जिल्ह्यात तुमच्याबिगर कुणाला येतंय ते?"

"कुणालाच न्हाय," बब्रुवान म्हणाला. विनय वगैरे गोष्टी त्यानं कधी पाळल्या नव्हत्या.

"मग येताव न्हवं?"

"बघू. सवड झाली तर येतो."

सवड! ज्याला चौकातल्या बाकड्याशिवाय दुसरं कामच नाही, तो सवड बघणार होता. बापू फाटकाबाहेर पडले नसतील तोच बब्रुवाननं पेटीतून खाकी कपडे काढले आणि नागूबाईला इस्त्री लावायला सांगितलं. तिनं लगेच इस्त्री तापवली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा उजेड तिनं फार वर्षांत पाहिला नव्हता. जगात अजून एक तरी गाडी अशी होती जिचं बब्रुवानशिवाय चालत नव्हतं. त्याला जगायला एवढं पुरणार होतं.

पण बापूंना खाकी नको होती. त्यांनी लाल कोट शिवून घेतला होता, सोनेरी बटणांचा, आणि वर तुरेवाला फेटा. बब्रुवाननं कोट बोटाच्या टोकानं उचलून बघितला. "हे बँडवाल्याचं हाय," तो म्हणाला.

"राजाची गाडी हाय काका," बापू हसत म्हणाले. "खाकी घालून टमटम चालवतेत."

दोन दिवस तो रुसून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं कोट घातला. आयुष्यात कुणापुढं न वाकलेला माणूस एका गिअरच्या दांड्यासाठी वाकला, आणि हे आपण करतोय हे त्याला कळतही होतं. त्याचा राग त्यानं मग सगळ्या जगावर काढला.

जगानंही त्याला भरपूर संधी दिली. पंधरा ऑगस्टला गाडी शाळेपर्यंत गेली. दसऱ्याला येडाईदेवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली. एका मोबाईलच्या दुकानाच्या उद्घाटनाला गेली, तिथं तर दुकानदारानं बॉनेटवर लिंबू-मिरची बांधली. कुठंही गेली तरी चालायची मात्र पहिल्या गिअरवर. पुढं हलगी, मधे बापू मागच्या गादीवर हात जोडून उभे, आणि सुकाणूवर लाल कोटातला बब्रुवान. बॉनेटला कुलूप, किल्ली बापूंच्या खिशात. दुसरा गिअर टाकायची मनाई. "शो जातो काका," बापू म्हणायचे. "लोकांनी बघायला पायजे न्हवं?"

लोक बघायचे. दिव्यावर हात ठेवून फोटो काढायचे. पायरीवर चढून मुरकायचे. कुणी विचारायचं, "ॲव्हरेज काय देती?" बब्रुवान समोर बघत बसायचा. गाढवाला गुळाची चव काय! ह्या गाडीत चार गिअर आहेत, त्यातले तीन गंजत पडलेत, ह्याचं बघणाऱ्यांतल्या एकालाही काही नव्हतं. घरी येऊन तो नागूबाईला सांगायचा, "वाघ आणून त्येला उंदरं धरायला लावलेत."

त्याला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा ती गाडी मोकळ्या रस्त्याला चौथ्यावर न्यायची आणि येडशीच्या चढाला तिसरा घ्यायचा, आवाज न करता. त्यानं बापूंना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बापू म्हणाले, "बघू काका." चौथ्यांदा, पोरीच्या लग्नाच्या गडबडीत, म्हणाले, "शिवांजलीच्या लग्नाला न्या की येरमाळ्यापास्नं येडशीपर्यंत. मग तर झालं?"

त्या रात्री बब्रुवान दोन भाकरी जास्त जेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो बंगल्यावर पोचला तर दारात गाड्या वाहून नेणारा ट्रेलर उभा. पॅकार्ड त्यावर चढवून साखळ्यांनी जखडलेली.

"रस्त्यात कुणी घासली-बिसली तर काय करता?" बापू म्हणाले. "येडशीत उतरवू. पण तुम्ही आत बसा काका. रिकामी गाडी बरी दिसत न्हाय."

आता कुठल्याही अब्रूदार माणसानं त्या क्षणी फेटा काढून बापूंच्या हातात द्यायला हवा होता. बब्रुवाननं तो दिला नाही. येडशीत तरी उतरणार आहे, तिथं तरी काही होईल, ह्या आशेवर तो शिडीवरून चढला आणि सुकाणूवर जाऊन बसला. ट्रेलर निघाला. वीस किलोमीटर हायवेवर तो उंचावर बसून होता, हातात सुकाणू, खाली फिरणारी चाकं दुसऱ्याच्याच गाडीची. टपऱ्यांवरची माणसं हात हलवत होती. तेरखेड्याजवळ एक एसटी ओलांडून गेली. तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून वर बघितलं आणि दोनदा हॉर्न दिला. त्याच्या डेपोचाच असावा. बब्रुवान समोर बघत राहिला. शिव्या त्याच्या ओठांवर होत्या, पण त्या दिवशी कुणाला द्याव्यात हे त्याला ठरवता येईना.

येडशीत गाडी उतरली, पहिल्या गिअरवर कमानीपर्यंत गेली, फटाके वाजले, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. दुपारी तीनच्या सुमारास फोटोवाल्याला साक्षात्कार झाला, की नवरा-नवरीचे फोटो रामलिंगच्या जंगलाच्या वळणावर, डोंगर मागं घेऊन काढले पाहिजेत. तो आपल्या मोटारसायकलवर पुढं गेला. बापू पाहुण्यांच्या घोळक्यातून ओरडले, "काका, सावकाश! पहिल्यावरच!"

गाडी कार्यालयाच्या भिंतीआड गेली तशी मागून शिवांजली म्हणाली, "काका, पहिल्यावर कशाला? टाका की वरचे. बाबा इथं कुठंयत बघायला?"

बब्रुवाननं आरशात बघितलं. शालू, मुंडावळ्या, आणि त्यातून हसणारी पोर. शेजारी तिचा नवरा, अणदूरचा, शेरवानीत अवघडून बसलेला.

"धरून बस," बब्रुवान म्हणाला.

क्लच, न्यूट्रल, क्लच, दुसरा. आवाज नाही. क्लच, न्यूट्रल, क्लच, तिसरा. आवाज नाही. मग चौथा. उघड्या गाडीत वारा भरला, फेट्याचा तुरा मागं उडायला लागला. चढ लागला तसा त्यानं चौथा काढला, न्यूट्रलला अॅक्सिलेटरचा बेताचा ठोका दिला आणि तिसऱ्यात दांडा बसवला. इतका अलगद बसला, की आपल्या हातालाच तो टाकल्याचं कळलं नाही असं त्याला वाटलं. चौसष्टाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"आईकलं का काय?" तो ओरडून म्हणाला.

"काय काका?"

"कायच न्हाय! कायच आईकू येत न्हाय, ह्येला डायवर म्हंत्यात!"

मग त्याची जीभ सैल झाली. दाते कसे असतात, गती कशी जुळवायची, आजकालच्या पोरांना स्वतःच्या पायाचा अंदाज कसा नसतो, हे सगळं तो मान मागं वळवून सांगायला लागला. नवरदेव "समोर बघा, समोर बघा" म्हणत होता. वळणावर फोटो झाले. परत निघताना शिवांजली पुढं आली आणि म्हणाली, "काका, मला द्या ना एकदा."

बब्रुवान हसला. पोरगी अठराव्या वर्षापासून बापाची पिकअप डेअरीला नेत होती हे त्याला माहीत होतं. पिकअप! त्याच्या मनात आलं, नाही म्हणावं. मग वाटलं, नको, देऊ. एकदा दाते किंचाळू देत. त्याशिवाय ह्यांना कळायचं नाही, की आत्ता ह्यांनी काय ऐकलं नाही ते.

"घे," तो म्हणाला. "पण बापाला माझं नाव सांगू नगंस."

तिनं शालू गुडघ्यापर्यंत आवरला, हिरव्या चुड्याचे हात सुकाणूवर ठेवले. बब्रुवान बाजूला टेकून बसला. बोलायचं वाक्यही त्यानं तयार ठेवलं होतं. गाडी निघाली. तिनं क्लच एकदाच दाबला आणि दांडा खेचला.

काही झालं नाही.

तिसरा. एकदाच क्लच. काही नाही. चौथा. तोंडात तयार असलेलं वाक्य घेऊन बब्रुवान वाट बघत राहिला.

"खाली घे," तो म्हणाला. "परत तिसऱ्यावर. तशीच."

तिनं घेतला. गाडीनं थोडा हिसका दिला, एवढंच.

"अवघड न्हाय काका," ती म्हणाली. "आमच्या पिकअपसारखाच हाय की. जुन्या गेरबॉक्सचे दाते सगळे गेले होते न्हवं, पुण्याच्या त्या माणसानं नव्या जीपचा बसवला आत. बाबांनी तुम्हाला..." तिनं त्याच्याकडं बघितलं आणि जीभ चावली. पण अर्धं बोलून थांबण्याचा स्वभाव नसावा. "लोकांना सांगायला बरं पडतं म्हणाले. की ही गाडी जिल्ह्यात एकाच माणसाला चालवता येती."

मघाचा तो तिसरा गिअर बब्रुवानला आठवला, आणि त्यावर आलेलं डोळ्यांतलं पाणीही. रिकाम्या पाळण्याला झोके देत अंगाई म्हणावी, तसं त्यानं केलं होतं, आणि वर दोघांना ऐकवलंही होतं. दिवे, तारांची चाकं, लाल गाद्या, खोटा सुभेदार, आणि त्यांच्या ओळीत बसवलेला एक म्हातारा ड्रायव्हर. बापूंनी गाडीला जे जे लागतं ते सगळं आणलं होतं.

कमानीच्या अलीकडं शिवांजलीनं गाडी थांबवून त्याला सुकाणू परत दिलं. "काका, रागावू नका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ते सासरी जायच्या दिवशी कुणाचेही येतात.

बापूंना काय काय बोलायचं हे त्यानं त्या शंभर पावलांत ठरवलं. भंगारवाला, कोंबड्या, पणजोबा, ट्रेलर, सगळं बाहेर काढायचं, चारचौघांत काढायचं, आणि फेटा त्यांच्या पायाशी टाकून एसटीनं घरी जायचं. गाडी उभी करून त्यानं इंजिन बंद केलं. तोवर बापू चार-पाच पाहुण्यांना घेऊन आलेच. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आमचे बब्रुकाका," बापू म्हणाले, सुभेदाराची गोष्ट सांगायचे तितक्याच सहज. "ह्या गाडीला डबल क्लच लागतो. जिल्ह्यात दुसऱ्या माणसाला येत न्हाय."

पाहुण्यांतला एक पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं वाकला. त्याच्या डोळ्यांत टिंगल नव्हती. तो खरोखरच विचारत होता. "व्हय का हो डायवरसाहेब? खरंच तुमच्याबिगर कुणालाच येत न्हाय?"

साहेब! चौतीस वर्षांत त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. बब्रुवाननं त्या माणसाकडं बघितलं, बापूंकडं बघितलं, आणि त्याला चौकातलं बाकडं दिसलं, जिथं उद्यापासून मान हलवायलाही कुणी नसणार होतं. बापूंची त्याला किळस यायला हवी होती. आली ती स्वतःची, कारण उत्तर काय द्यायचं हे त्याच्या तोंडानं त्याला न विचारताच ठरवलं होतं.

"कुणालाच न्हाय," तो म्हणाला.

"दावता का जरा, कसं असतंय ते?"

पाहुणे दाराशी वाकले. बब्रुवाननं फेटा सारखा केला, डावा पाय क्लचवर ठेवला आणि बंद गाडीत, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, तो दोनदा दाबून दाखवला.